ड्र्यू अ‍ॅलर मोठ्या सामन्यांत कमी पडला का?

पिट्सबर्गकर
अमेरिकन फुटबॉलमधल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या संघाचा क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ड्र्यू अ‍ॅलर याची कॉलेजची कारकीर्द ऑक्टोबर २०२५ मध्ये दुखापतीने संपली, पण त्याच्यावरचा वाद संपत नाही. माझं मत सरळ आहे: तगड्या संघांपुढे तो कमी पडला. पाटा खेळपट्टीवरची शतकं हिरव्या खेळपट्टीवरच्या शतकांच्या तराजूत टाकत नाहीत, तसंच हेही.

२०२३ च्या हंगामात त्याचे २५ टचडाउन पास (थेट गोल रेषेपलीकडे गुण देणारे) आणि फक्त २ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास). पण ओहायो स्टेटविरुद्ध ४२ पैकी १८ पास पूर्ण, संघाला थर्ड डाउनवर (दहा यार्ड सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावर) १६ पैकी एकदाच यश, हार २०-१२. मिशिगनविरुद्ध २२ पैकी १०, अवघे ७० यार्ड, हार २४-१५. चेंडू गमवायचा नाही म्हणून तो अवघड पास टाकायचाच टाळत होता, असं मला वाटतं.

आणि जानेवारी २०२५ चा ऑरेंज बोल, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाचा उपांत्य सामना. नोटर डेमशी २४-२४ बरोबरी, शेवटचं मिनिट, चेंडू स्वतःच्या गोल रेषेपासून २८ यार्डांवर. अंगावर दबाव आला, आणि पाय नीट रोवलेले नसताना त्याने मैदानाच्या मध्याकडे आडवा पास टाकला. नोटर डेमच्या क्रिश्चन ग्रेने सूर मारून तो पकडला. पुढे त्यांच्या मिच जेटरची ४१ यार्डांची किक, आणि २७-२४ ने हार. चेंडू बाहेर फेकला असता किंवा सॅक (चेंडू हातात असतानाच पाडलं जाणं) सोसला असता तर सामना जादा वेळेत गेला असता. ही चूक कोणाच्या माथी मारणार?

निवांत_नाशिक
तो पास वाईटच होता, मान्य. पण त्याच सामन्यात पेन स्टेटच्या एकाही वाइड रिसीव्हरने (पास झेलणं हेच मुख्य काम असलेल्या खेळाडूने) एकही पास झेललेला नाही, हे तुम्ही लिहिलं नाहीत. जे काही झेल झाले ते टाइट एंड (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा) आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) यांचे. रिसीव्हर मोकळेच होत नसतील तर क्वार्टरबॅकने चेंडू टाकायचा कुणाकडे?

शिवाय प्रतिस्पर्धी कोण होते ते पाहा. २०२३ चं मिशिगन राष्ट्रीय विजेतं, २०२४ चं ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेतं, नोटर डेम त्याच हंगामातलं उपविजेतं. आणि ज्या मिशिगन सामन्यात अ‍ॅलरच्या ७० यार्डांवर तुम्ही बोट ठेवता, त्यात जिंकणाऱ्या जे. जे. मॅकार्थीचे यार्ड किती? ६०. एकूण ८ पास टाकले त्याने. बाकी मिशिगन धावूनच जिंकलं. मिशिगनच्याच डेव्हिस वॉरनने २०२४ मध्ये ६२ यार्ड आणि दोन इंटरसेप्शनवर ओहायो स्टेटला १३-१० हरवलं. त्याला कोणी मोठ्या सामन्यांचा खेळाडू म्हणेल का? हार-जीत क्वार्टरबॅकच्या नावावर लिहायची ही सवयच चुकीची आहे.

ओहायोची_सून
दोघेही सगळा सामना एकदम तोलताय. मी एकेक डाव बघते. २०२४ च्या ओहायो स्टेट सामन्यात चौथ्या क्वार्टरला पेन स्टेट गोल रेषेपासून ३ यार्डांवर होतं. तीन वेळा चेंडू रनिंग बॅक केट्रॉन अ‍ॅलनला दिला, तिन्ही वेळा भिंत. चौथ्या डाउनला पास, तोही अपुरा. ओहायो स्टेटने उरलेली सव्वापाच मिनिटं खाऊन टाकली, २०-१३. पहिल्या तीन डावांचं माप अ‍ॅलरच्या पदरात टाकायचं नाही, ते प्रशिक्षकांचं. पण त्याच सामन्यात पहिल्या अर्ध्याच्या शेवटी एंड झोनमध्ये (गोल रेषेपलीकडच्या पट्ट्यात) दिलेलं इंटरसेप्शन? ते नक्की त्याचं.

मला यूएससीविरुद्धचा (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) २०२४ चा सामना विसरता येत नाही. मध्यंतराला २०-६ ने मागे, तीन इंटरसेप्शन देऊनही ३९१ यार्ड, बरोबरी साधणाऱ्या चढाईत दोनदा फोर्थ डाउनला रिसीव्हर ज्युलियन फ्लेमिंगकडे पास, आणि जादा वेळेत ३३-३० विजय. घाबरट मुलगा असं खेळत नाही.

पिट्सबर्गकर
ताई, तो सामना मलाही आवडतो. पण त्या यूएससीने हंगाम ७-६ ने संपवला. तगडा संघ म्हणायचा तर ओहायो स्टेट, आणि त्याच ओहायो स्टेटला ऑरेगनच्या क्वार्टरबॅक डिलन गॅब्रिएलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३४१ यार्ड टाकून ३२-३१ हरवलं. म्हणजे ते अशक्य नव्हतं.

निवांत_नाशिक
घरच्या मैदानावर, टेझ जॉन्सन आणि इव्हान स्टुअर्टसारखे रिसीव्हर हाताशी असताना! पुढे रोज बोल या बाद फेरीच्या सामन्यात तोच गॅब्रिएल त्याच ओहायो स्टेटकडून ४१-२१ ने हरला. तीन महिन्यांच्या आत तो बिघडला का? समोरचा संघ बदलला, आखणी बदलली. तुमचा एक सामना पुरावा असेल तर माझाही आहे.

ओहायोची_सून
मग सप्टेंबर २०२५ चा ऑरेगन सामना घ्या. चौथ्या क्वार्टरला १७-३ ने मागे, तिथून अ‍ॅलरने दोन टचडाउन पास टाकून १७-१७ केले. दुसऱ्या जादा वेळेत ऑरेगन ३०-२४ ने पुढे, आणि पेन स्टेटच्या पहिल्याच डावात त्याचा पास ऑरेगनच्या डिलन थिनमनच्या हातात. पिट्सबर्गकर शेवटचा पास मोजणार, निवांत_नाशिक मोजणार त्याआधीचं पुनरागमन. मी दोन्ही मोजते, आणि त्या पासला उणे गुण देताना हातचं काही राखत नाही.

पिट्सबर्गकर
देताय ना उणे गुण? मग ऑरेंज बोलच्या शेवटच्या पासलाही तेवढेच द्या. रिसीव्हर नव्हते हे मान्य केलं तरी चेंडू बाहेर फेकायला रिसीव्हर लागत नाही.