चिऱ्यांच्या वाटेत काय लावावं? हिंडलगा, बेळगाव

हिंडलग्याची वहिनी:
नमस्कार. फाटकापासून तुळशीपर्यंत आमची तीस फूट वाट आहे, जांभ्याचे चिरे टाकून केलेली. फटी दोन-अडीच इंचाच्या, त्यात नुसती लाल माती. जून लागला की चिखल होतो आणि फणसाखालच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. सासूबाई पहाटे अनवाणी तुळशीला पाणी घालायला जातात, त्यामुळं जिवाला घोर. अर्धी वाट सावलीत, अर्धी दिवसभर उन्हात. मोबाईलवर थाइमच्या, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या एका सुवासिक झाडाच्या, जांभळ्या वाटा बघितल्या, तसं इथं जमेल का? नर्सरीवाले म्हणतात वेडेलिया न्या, लवकर पसरतो.

कंग्राळीकर:
कोरियन गवत उन्हातल्या भागात चांगलं येतं. फणसाखाली विरळ पडतं आणि पुढं त्याचे उंचवटे होतात, अनवाणी पायाला ठेच लागायची.

जांबोटी रोड:
वहिनी, थाइमचा नाद सोडा. ते भूमध्य समुद्राकडच्या कोरड्या, खडकाळ उतारावरचं झाड. आपल्याकडचा तरणा-म्हातारा पाऊस लागला की त्याची मुळं कुजणारच. आपल्याला पाहिजे ते चार महिने पाणी सोसणारं आणि एप्रिलात सुकलं तरी वळवाच्या सरीनं परत फुटणारं.

तशी जलपिंपळी आहे बघा. ओढ्याकाठी, भाताच्या बांधावर दिसते, पण कुणी मुद्दाम लावत नाही याचं मला फार वाईट वाटतं. जमिनीला चिकटून पसरते, पेरापेराला मुळं सोडते, पायाखाली आली तरी तग धरते. उन्हातल्या अर्ध्या वाटेला हीच लावा. फुलांवर मधमाश्या येतात, तेव्हा सासूबाईंच्या वाटेवरची फुलं वरचेवर छाटत जा.

फणसाखाली मंडूकपर्णी, कानडीत ओंदेलग म्हणतात ती. सावली आणि ओल दोन्ही मानवतं, वर तंबळीला, म्हणजे पानं वाटून ताकात करतात त्या पातळ कालवणाला, पानं घरचीच. पण रोजच्या पायानं ती चिरडते, म्हणून कडेकडेनं लावा.

आता शेवाळ. त्याला कुठलंही झाड उपाय नाही. जांभा पाणी पितो आणि सावलीत ओलाच राहतो. फणसाच्या खालच्या फांद्या उतरवा, वाटेला एका बाजूला थोडा उतार द्या आणि सासूबाईंचा पाय पडतो तेवढे चिरे काढून टाकी मारून खरबरीत केलेला काळा दगड बसवा. हे काम आधी करा, झाडं त्यानंतर.

वेडेलिया नको म्हणजे नकोच. ती अमेरिकेच्या उष्ण भागातली. जगातल्या सर्वांत घातक 100 परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. छाटलेला तुकडा गटारात पडला तरी तिथं रुजते आणि मग शेजाऱ्याच्या शेतात जाते. शिवाय तिच्या दाट पाल्याखाली घोणस बसली तर कळायचं नाही. पहाटेच्या अंधारात वाटेवर चार बोटांपेक्षा उंच काही नको.

हिंडलग्याची वहिनी:
काका, वेडेलिया रद्द. मग मृगातच लावू का? आणि पिवळ्या फुलांचा शोभेचा भुईमूग कसा?

जांबोटी रोड:
मृगात नको. जुलैच्या पाण्यात कोवळी रोपं मातीसकट वाहून जातात. गणपतीच्या सुमाराला पाऊस ओसरला की लावा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं धरतात. त्याआधी फटी वीतभर खणून लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळं वेचून काढा. एक जरी गाठ राहिली तरी चिऱ्याखालून वर येते आणि मग वाट उपसल्याशिवाय निघत नाही. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत असं भरा आणि सहा-सहा इंचावर तुकडे टोचा. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी लागेल.

शोभेचा भुईमूग चांगला, हवेतलं नत्र जमिनीत धरतो. पण तो वीतभर वाढतो, वाटेत नको, पलीकडं कंपाउंडच्या कडेला लावा.

गणपती झाले की कुणाला तरी पाठवा, बांधावरची जलपिंपळी पोतंभर देतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यायची आणि त्याच दिवशी लावायची.