गोंधळ, दिमडी, पावरी : समोर बसून ऐकलेलं लोकसंगीत

गंगापूर रोडवर गेल्या शनिवारी लोककला मंडळाची बैठक झाली. माईक नव्हता, सतरंजीवर बसून ऐकायचं होतं. त्या बैठकीचे किंवा नाशिककडच्या अशा कुठल्याही बैठकीचे अनुभव इथे लिहा. सुरुवात मी करते.

गोंधळी संबळ कमरेला बांधून उभे राहिले. टोकाला वाकवलेल्या काडीचा पहिला फटका पडला आणि शेजारच्या आजी सावरून बसल्या. मग गावोगावच्या देवींना गोंधळाला बोलावणं सुरू झालं. वणीच्या सप्तशृंगीचं नाव आलं तेव्हा ‘उदो’चा आवाज दुप्पट झाला, कारण जमलेल्यांपैकी निम्म्या घरांचं ते कुलदैवत. झील धरायला, म्हणजे मागून ध्रुपद म्हणायला, आम्ही सगळेच! रेकॉर्डिंगमध्ये श्रोत्याला हे काम मिळतच नाही.

सिन्नरहून
आमच्याकडे लोकशाहीर वामनदादा कर्डकांची गाणी म्हटल्याशिवाय बैठक उठत नाही. दादा आमच्या तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. एका बैठकीत एका मावशींनी भीमगीत उचललं. वही नाही, कागद नाही, सगळी कडवी पाठ. तिसऱ्या कडव्याला आवाज फाटला, तर मागच्या बायकांनी ओळ पुढे नेली.

दिमडी वाजवणारा, पंचवटी
पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, म्हणून आम्ही डफ आधी शेकून घेतो. बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, परत शेकायचा. दिमडीला, म्हणजे छोट्या डफाला, पूर्वी घोरपडीचं कातडं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं ते योग्यच झालं. आता फायबरचं पान लावतो. त्याला हवामानाची फिकीर नाही, पण जुना गोड नाद काही येत नाही. वाघ्या-मुरळीच्या जागरणात रात्रभर वाजवताना हे फार जाणवतं. फायबरवर बोटांचं वजन वेगळं ठेवावं लागतं, नव्या पोरांना मी तेच आधी शिकवतो.

सुरगाण्यात नोकरीला असलेली
पावरी, म्हणजे आमच्याकडचं आदिवासी फुंकवाद्य, शहरातल्या सभागृहात ऐकली आणि आमच्याकडे डोंगऱ्यादेव या आदिवासी देवाच्या उत्सवातही ऐकली. मार्गशीर्षातल्या थंडीत माणसं फेर धरून नाचतात, पावरीवाला फुंक न तोडता वाजवत राहतो. गाल फुगलेले, नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर. सभागृहात त्याला पाच मिनिटं दिली होती. पाच मिनिटांत फेर नुसता जमतो हो! पावरीला निदान अर्धा तास द्या, खुर्च्या हलवा, लोकांना नाचू द्या.

नाशिकरोडवरून
एकच सांगायचंय. तुणतुणंवाल्या काकांना शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून ते मधूनच उठले. कलाकारांसाठी पैशांची थाळी फिरली ती त्यानंतर. मानधन ठरवून आधीच हातात द्यावं, आणि लांबच्या कलाकारांच्या मुक्कामाची सोय करावी. माझ्या घरी दोघांची सोय होईल.