समाधी नसलेला वैमानिक: तुमची सेखोंशी भेट कुठे झाली?

मंडळी, १४ डिसेंबर जवळ आला. १९७१ साली या दिवशी सकाळी सहा पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानं श्रीनगरच्या विमानतळावर चालून आली आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों आपलं चिमुकलं नॅट लढाऊ विमान घेऊन त्यांच्यात घुसला. लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवालचा हा मुलगा १९६७ साली वैमानिक झाला होता आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या झुंजीत त्याचं विमान पाडलं गेलं. दोनच दिवसांनी युद्ध संपलं. विमानाचे अवशेष दरीत सापडले, त्याचा देह मात्र मिळाला नाही. परमवीर चक्र मिळालेला हवाई दलाचा तो आजवरचा एकमेव माणूस.

जिथे जाऊन फूल वाहावं अशी जागाच नाही, त्या माणसाची आठवण कुणाकुणाकडे कशी राहिली आहे? वाचलेलं नको, स्वतःचं लिहा. सेखोंचं नसेल तर तुमच्या माहितीतल्या दुसऱ्या कुणाचं लिहा.

सातारा, निवृत्त एअरमन

मी १९७३ साली भरती झालो, म्हणजे सेखोंना पाहिलेलं नाही. पण नॅटच्या तोफांवर माझे हात काळे झालेत. ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. त्या ऐन वेळी अडकायच्या, हे आम्हा आर्मामेंटवाल्यांचं, म्हणजे विमानाची शस्त्रं सांभाळणाऱ्यांचं, कायमचं दुखणं. विमान इतकं बुटकं की जमिनीवर उभं राहून वैमानिकाशी बोलता यायचं, पट्टे आवळताना त्याचा चेहरा अगदी समोर.

लोक 'एकटा सहांशी लढला' एवढंच सांगतात. मला त्याच्या आधीची मिनिटं जास्त मोठी वाटतात. तो रेडिनेस ड्युटीवर होता, म्हणजे हुकूम येताच उडायला तयार. पुढचं विमान उडालं, त्याची धूळ धावपट्टीवर भरून राहिली. समोरचं दिसेना म्हणून त्याला थांबावं लागलं. तोवर सेबर डोक्यावर येऊन मारा करू लागली होती. उभ्या विमानात बसलेला वैमानिक म्हणजे आयतं लक्ष्य. तो उतरून खंदकात गेला असता तरी कुणी बोल लावला नसता. तो उडाला. पुढे गेलेल्या साथीदाराशी चुकामूक झाली, तरी झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर एकट्याने झुंजला, दोन सेबरवर मारा साधला.

आणखी एक. १९४८ पासूनच्या करारामुळे युद्ध सुरू होईपर्यंत श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलेलीच नव्हती. म्हणजे ते डोंगर, ती थंडी, सगळं त्याला नवं होतं.

रत्नागिरी, बोटीवर नोकरी केलेला

आमच्या शिपिंग कॉर्पोरेशनने तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली होती. मी सेखोंच्या नावाच्या टँकरवर होतो. चढलो तेव्हा हे कोण, काही ठाऊक नव्हतं. पगार, रजा आणि जहाज कुठे जाणार, एवढंच डोक्यात.

एकदा रंगकाम निघालं. बाहेरून फळी सोडून, कमरेला दोर बांधून, खाली पाणी, असं बसून नावाची अक्षरं भरायची. नाव लांबलचक, हुद्द्यापासून पीव्हीसीपर्यंत (म्हणजे परमवीर चक्र). सकाळी बसलो तो जेवणाच्या घंटेपर्यंत एकेक अक्षर गिरवत होतो. वर आल्यावर बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, विचारलं, हा माणूस होता तरी कोण? बोसन पंजाबचा. त्याने डेकवरच बसवून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, 'हात धुऊन जेव, त्याचं नाव लिहिलंयस.' त्यानंतर परदेशी बंदरात कुणी नाव विचारलं की मी पूर्ण सांगायचो. मला तोडून सांगवत नसे.

कोल्हापूर, शिक्षिका

२०२३ च्या जानेवारीत अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक सेखोंचं. नकाशावर बेट शोधायला लावते, मग गोष्ट सांगते. मुलं दरवर्षी विचारतात, 'बाई, ज्याने पाडलं त्याचं काय?' समोरून लढलेल्या पाकिस्तानी वैमानिकानेही पुढे सेखोंच्या झुंजीचं कौतुक केलं, हेही सांगते. मुलांना ते पटायला वेळ लागतो. लागू दे.

लंडन

सेखोंचं नाही, पण मुंबईच्या मुलाचं आहे म्हणून लिहितो. श्रीकृष्ण वेलिणकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी एक. सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवायचा. १९१८ च्या जूनमध्ये त्याचं विमान पडलं आणि जर्मनांच्या ताब्यात असताना तो वारला. फ्रान्समध्ये अमिएँजवळ हांगार गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. आम्ही मुद्दाम गाडी काढून गेलो. शेतांच्या मध्ये पांढऱ्या दगडांच्या रांगा, गवत नीट कापलेलं. त्याच्या दगडासमोर बायकोने मोठ्याने नाव वाचलं, अगदी आपल्या उच्चारात. सेखोंना जागा नाही, याला जागा आहे, पण आपल्यातलं तिथे कोण जातं? पॅरिसला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस काढावा.

पुणे

माझा मामा कॅनबेरा या बाँबफेकी विमानावर नॅव्हिगेटर, म्हणजे दिशा दाखवणारा, होता. ७१ च्या युद्धात विमान परतलं नाही. तार आली तेव्हा आई पंधरा वर्षांची होती. तारेत 'बेपत्ता' होतं. त्या शब्दाने आजीचं पुढचं आयुष्य खाल्लं. सरकारने काही काळाने मृत ठरवलं, पेन्शनचे कागद आले, आजीने सही करायला नकार दिला. श्राद्ध कधीच घातलं नाही. पितृपक्षात भटजींनी विषय काढला तर म्हणायची, 'माझ्या हातून त्याला मारू नका.' त्याची सायकल वाड्याच्या बोळात होती, आजोबा दर दसऱ्याला पुसून हवा भरायचे. दोघंही आता नाहीत. आईला अजून दाराची कडी वाजली की दचकायला होतं. सेखोंबद्दल वाचताना मला त्याच्या घरच्यांचंच आधी आठवतं. पदक असो नसो, घरात तेच चालतं.

सातारा, निवृत्त एअरमन

पुण्याच्या ताई, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्र म्हणून गोल भिंती आहेत. ग्रॅनाइटच्या विटांवर एकेका जवानाचं नाव कोरलंय. मामांचं तिथे असायला हवं. सेखोंचा अर्धपुतळाही तिथेच, परमवीरांचे पुतळे असलेल्या परमयोद्धा स्थळावर. आईंना घेऊन जा.

पुणे

काका, आईला वाचून दाखवलं. नाव असेल तर तिला हाताने चाचपून बघायचंय म्हणाली. तिला फार चालवत नाही. चाकाची खुर्ची भिंतीपर्यंत नेता येते का, अलीकडे जाऊन आलेल्या कुणी सांगाल? थंडी ओसरली की निघू.