विषय: गावी जाताना कोणते कार्ड, फुकट बॅगेचे की विलंबविम्याचे?

आदरणीय नाना, सप्रेम नमस्कार.

दिवाळीला आम्ही चौघे अमेरिकेहून धुळ्याला जाणार आहोत आणि तिकिटे याच आठवड्यात काढायची आहेत. यजमानांचा आग्रह विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डाचा आहे, कारण पहिली बॅग फुकट जाते. मला मात्र वाटेत अडकल्यास हॉटेलचा खर्च देणारे कार्ड हवे आहे. आपण सध्या जळगावी आहात, तरी सवडीने सल्ला द्यावा.

---

ताई, नमस्कार.

फुकट बॅगेचा खरा लाभ अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरणाऱ्यांना होतो. भारताच्या तिकिटात निदान एक बॅग बहुधा धरलेलीच असते.

कार्डाच्या विम्यात आधी किती तासांच्या विलंबाची अट आहे ते पाहावे. चेस सफायर प्रिफर्ड या कार्डाची वार्षिक फी ९५ डॉलर आहे, पण भरपाईसाठी १२ तासांचा विलंब किंवा रात्रीचा मुक्काम घडावा लागतो; कॅपिटल वन व्हेंचर एक्स या कार्डाला सहा तास पुरतात, मात्र फी ३९५ डॉलर आहे. दोन्हींत मर्यादा दर तिकिटाला ५०० डॉलरची. मागच्या खेपेस आमचे विमान मधल्या विमानतळावर सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत खोळंबले आणि आमच्या कार्डाची अट नेमकी १२ तासांची निघाली. खाण्यापिण्याच्या पावत्या सौभाग्यवतींनी पासपोर्टच्या पाकिटात घडी घालून जपल्या होत्या. त्या अजून तिथेच आहेत. मुंबईहून जळगावची रात्रीची गाडी चुकली ती वेगळीच, कारण आगाऊ भरलेले भाडे या विम्यात धरत नाहीत. आपण आग्रा रोडने धुळ्याला जाण्यासाठी गाडी ठरवणार असाल, तर तिचे आगाऊ पैसेही त्याच हिशेबात जातील.

तिकिटे त्याच कार्डावर काढावीत आणि विमान अडकले की काउंटर सोडण्यापूर्वी विलंबाचे कारण लेखी मागून घ्यावे. विमान कंपनीने जेवण किंवा हॉटेल दिले, तर तेवढी रक्कम पुन्हा मिळत नाही. पती-पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यात येतात. परतताना सासूबाईंना सोबत आणणार असाल, तर त्या येत नाहीत.

---

नाना, मनःपूर्वक आभार. सासूबाई येणारच आहेत, त्यामुळे त्यांचा प्रवास विमा वेगळा काढते. ३९५ डॉलर ऐकून यजमान जरा गप्प झाले आहेत.

---

त्यांना सांगावे की कॅपिटल वनच्याच संकेतस्थळावरून प्रवासाचे बुकिंग केल्यास दरवर्षी ३०० डॉलरची सवलत मिळते. फक्त तारखा पक्क्या झाल्यावरच तिथून तिकीट काढावे. आम्हाला एक तारीख बदलताना कॅपिटल वन आणि विमान कंपनी अशा दोन्हीकडे फोन करत बसावे लागले होते.