वृद्ध शुश्रूषा केंद्रात कर्मचारी चुका लपवतात आणि टिकतही नाहीत. व्यवस्थापनाने काय बदलावे?

पाथर्डीफाटा_व्यवस्थापिका

नमस्कार. नाशिकमधील पाथर्डी फाटा परिसरातील एका वृद्ध शुश्रूषा केंद्राच्या व्यवस्थापनाची जबाबदारी मी अलीकडेच स्वीकारली आहे. केंद्रात 30 खाटा असून बहुतेक निवासी पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरमुळे अंथरुणाला खिळलेले आहेत. जीएनएम आणि एएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम झालेल्या सिस्टर मोजक्याच आहेत; अंघोळ घालणे, भरवणे, डायपर आणि कूस बदलणे ही कामे मावशी आणि मामा करतात, आणि त्यांतील निम्मे लोक ब्युरोमार्फत, म्हणजे माणसे पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, येतात.

येथे पूर्वीपासून प्रत्येक चुकीला दंड आहे. आजी पलंगावरून पडल्या, नाकातली नळी निघाली, गोळी द्यायची राहिली, की पगारातून कपात होते. याचा परिणाम असा झाला आहे की वहीत सगळे नेहमी ‘ठीक’ असते. गेल्या महिन्यात एका आजोबांच्या माकडहाडावरची जखम आमच्यापैकी कोणाच्याही आधी भेटीला आलेल्या त्यांच्या मुलीने पाहिली. तक्त्यावर मात्र दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या होत्या, त्याही एकाच हाताने एका बैठकीत केल्यासारख्या.

मालकांचे म्हणणे आहे की कॅमेरे वाढवावेत आणि दंड दुप्पट करावा. मला ते पटत नाही, परंतु त्यांच्यासमोर ठेवण्याजोगा पर्यायही माझ्यापाशी नाही. शिवाय चांगल्या मावशी काही महिन्यांत काम सोडून जातात. हे केवळ पगारामुळे होते, की आमच्या वागणुकीमुळे?

निवृत्त_मेट्रन_नाशिकरोड

ताई, दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून एकत्र उत्तर देते. बेडसोरची, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात डॉक्टरांना किंवा सिस्टरला क्वचितच प्रथम दिसते. ती दिसते सकाळी अंघोळ घालणाऱ्या मावशीला. दाबल्यावर न जाणारी लाली ही पहिली पायरी असते, आणि सावळ्या त्वचेवर ती लाली डोळ्यांना नीट कळतही नाही. त्या जागेचा उष्णपणा किंवा टणकपणा हाताला जाणवतो. ज्या मावशीचा हात तिथे पोहोचतो तिलाच दंडाची भीती असेल, तर ती पावडर लावून चादर ओढणार आणि पुढच्या पाळीवर सोडणार. जखम वाढत जाते ती या दोन पाळ्यांच्या मधल्या मौनात.

यावर अभ्यासही झालेला आहे. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने रुग्णालयांतील परिचर्या पथकांमध्ये औषधांच्या चुका तपासल्या आणि 1996 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांगल्या पथकात चुका कमी आढळतील अशी अपेक्षा होती, परंतु जिथे प्रमुख परिचारिका मोकळेपणाने ऐकून घेत असे, त्या पथकांत चुकांच्या नोंदी अधिक निघाल्या. तिथे चुका अधिक होत होत्या असे नसून त्या सांगितल्या जात होत्या, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून दंड थांबल्यावर पहिले काही महिने आपल्या वहीतील नोंदी वाढतील. त्या आकड्याने मालक बिथरणार, हे गृहीत धरून त्यांना आधीच सांगून ठेवावे.

आता करण्याजोगे. हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या पाळीला माहिती देणे, सिस्टर-सिस्टरमध्ये उरकू नका. खाटेजवळ उभे राहून करा आणि मावशीला त्यात बोलू द्या. “आज कोणाची कातडी वेगळी वाटली, कोण नेहमीपेक्षा कमी जेवले, कोण गप्प होते?” हे तीन प्रश्न रोज विचारले, तर पुरेसे आहे. दुसरे, त्याच मावशीकडे शक्यतो तेच निवासी ठेवा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला रोज नवा चेहरा दिसला की तो अंगाला हात लावू देत नाही, आणि मग “हे आजोबा त्रास देतात” असा शिक्का त्यांच्यावर बसतो. तिसरे, आठवड्यातून एकदा आपण स्वतः रात्रपाळीला जाऊन कूस बदलण्याच्या एका फेरीत हात लावा. सहा फूट उंचीच्या अर्धांगवायूच्या माणसाला एकटी मावशी वळवू शकत नाही, हे तक्ता पाहून कळणार नाही. खोट्या सह्या कामचुकारपणामुळे आहेत की अशक्य नेमणुकीमुळे, हेही तिथेच उमजेल.

अंबडलिंकरोडवाला

मेट्रनबाईंबद्दल आदर राखून वेगळे मत मांडतो. मी एक छोटे केंद्र चालवतो. दंड बंद केला तर शिस्त कशी राहणार? ब्युरोची मावशी आज आहे, उद्या नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या मुली आवणीला, म्हणजे भातलावणीला, गावी गेल्या की परत कधी येतील याचा भरवसा नसतो, आणि द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की दिंडोरीकडे चांगली मजुरी मिळते म्हणून काही जणी तिकडे वळतात. अशा लोकांसमोर ‘मोकळेपणा’ ठेवून काय साधणार? नातेवाईक मात्र जाब मलाच विचारतात.

निवृत्त_मेट्रन_नाशिकरोड

सर, आपली अडचण खरी आहे, पण तीत दोन गोष्टी मिसळल्या आहेत. निवाशाला मारणे, हात बांधून ठेवणे, चोरी करणे, झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देणे यांना क्षमा नसावी. तिथे दंडही अपुरा आहे, काम थांबवणे हीच कारवाई. नळी निघणे किंवा तोल जाऊन पडणे या घटना मात्र चांगल्या देखरेखीतही घडतात. दोन्हींना एकच कपात लावली, की प्रामाणिक बाई आणि निर्ढावलेला माणूस यांच्यातील फरक आपणच पुसून टाकतो. लपवण्याला शिक्षा असावी आणि सांगण्याला नसावी, एवढा एक नियम ठरवला, तरी त्यातून शिस्त सुटत नाही.

कायद्याची बाजूही पाहावी. वेतन संहिता, 2019 नुसार मनाला येईल तशी दंडाची कपात करता येत नाही. कोणत्या कृतीला दंड आहे याची सूचना आधी लावावी लागते, कर्मचाऱ्याला म्हणणे मांडू द्यावे लागते, एका वेतनकाळातील एकूण दंड त्या काळातील वेतनाच्या 3 टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि जमा रक्कम कर्मचाऱ्यांच्याच हितासाठी वापरावी लागते. किती केंद्रांत हे पाळले जाते, हा प्रश्न मी येथे विचारत नाही.

आवणीबद्दल म्हणाल, तर पाऊस दरवर्षी येतो. भातलावणीला कोण किती दिवस जाणार हे मे महिन्यातच विचारून पाळ्या लावल्या आणि रजा सन्मानाने दिली, तर मुली परत येतात. रजा नाकारली, तर त्या न सांगता जातात आणि परतताना दुसऱ्या केंद्राचे दार गाठतात. ब्युरोच्या माणसांचेही तसेच: त्यांना वेगळ्या ताटात वाढायचे, स्वतंत्र बसवायचे, नावाऐवजी ‘ए ब्युरो’ म्हणून हाक मारायची, आणि मग त्यांना आपुलकी नाही म्हणायचे, हे मी पाहिलेले आहे.

इंदिरानगरची_लेक

मी व्यवस्थापनातील नाही. माझी आई अशाच एका केंद्रात आहे. नातेवाईक म्हणून एक सांगावेसे वाटते. आई पडली हे दुपारी दोन वाजता फोन करून स्वतः सिस्टरने सांगितले, तेव्हा मला राग आला होता, तरी त्या केंद्रावरचा विश्वास वाढला. लपवलेले नंतर कळते, तेव्हा मागचे सारेच खोटे वाटू लागते. दुसरे असे की आम्ही नातेवाईकही मावशींशी नीट वागत नाही. महिन्याला एवढे पैसे भरतो, या तोऱ्यात त्यांच्यावर आवाज चढवतो. माझ्या आईच्या केंद्रातील व्यवस्थापक अशा वेळी मध्ये येतात आणि “तक्रार माझ्याकडे करा, त्यांच्यावर ओरडू नका” असे शांतपणे सांगतात. ऐकताना मला ओशाळल्यासारखे झाले, परंतु तेथील मावशी का टिकून आहेत याचे कारणही कळले.

पाथर्डीफाटा_व्यवस्थापिका

सर्वांचे आभार. दंडाची 3 टक्क्यांची मर्यादा आणि नोंदी वाढण्याची शक्यता हे दोन्ही मुद्दे मी मालकांसमोर लेखी मांडणार आहे. एक शंका उरते. पगार लगेच वाढवता येणार नसेल, तर पैशाशिवाय सर्वांत आधी काय द्यावे?

निवृत्त_मेट्रन_नाशिकरोड

महिन्याचे पाळीपत्रक आठवडाभर आधी लावा आणि ते मोडू नका. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला फोन करून डबल ड्युटीला बोलावणे बंद करा. अगदीच निभावत नसेल, तर जादा तासांचे पैसे त्याच महिन्यात द्या. रात्रपाळी संपवून सिटीलिंकच्या बसची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी पहिली बस केव्हा आहे ते पाहून पाळी बदलण्याची वेळ ठरवा. आणि मावशींसाठी कुलूप असलेले कपाट व बसून जेवता येईल अशी एक खोली द्या. आमच्याकडे त्या जिन्याखाली बसून डबा खात असत.