संघाचे नियम आणि उद्दिष्टं कोणी ठरवायची, प्रशिक्षकाने की खेळाडूंनी?

निळी_जर्सी:
सहा वर्षं झाली, सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवतेय. हंगामाच्या सुरुवातीला मी नियम वाचून दाखवायचे, मुली माना डोलवायच्या आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच रडगाणं. यंदा कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. 'या संघाकडून तुला काय हवं?' एवढाच प्रश्न, नाव घालायचं नाही. एका चिठ्ठीत होतं, 'माझ्या हातून बॉल सुटला की माझ्याकडे बघून मान हलवू नका.' मी ते मोठ्याने वाचलं आणि सगळ्या चिडीचूप. दोघींनी तर मान खालीच घातली. हा नियम मला जन्मात सुचला नसता. माझं ठाम मत झालंय, खेळाडूंनीच ठरवावं.

राखीव_१२:
अजिबात पटलं नाही. मी अशा संघात खेळलोय. 'सगळ्यांनी मिळून' म्हणजे चार बोलक्या पोरांनी ठरवलं, बाकीचे गप्प. उशीर झाला की पुढचा सामना बाकावर, हा त्यांचाच नियम. लांबून येणारा मी, त्यामुळे बाकावरही मीच. त्यांच्यातला एक उशिरा आला तेव्हा मात्र 'आजचा सामना महत्त्वाचा आहे'. सरांकडे गेलो तर 'तुम्हीच ठरवलंत ना' म्हणून ते मोकळे. नियम प्रशिक्षकानेच करावा आणि वाईटपणाही त्यानेच घ्यावा.

निळी_जर्सी:
तुमच्यावर अन्यायच झाला. म्हणूनच मी हात वर करायला लावत नाही, चिठ्ठ्या घेते. गप्प बसणारीलाही लिहिता येतं.

मोजपट्टी:
यावर अभ्यासकांमध्येही वाद होता. 'जमेल तितकं करा' म्हणण्यापेक्षा नेमकं आणि अवघड उद्दिष्ट दिलं तर काम सरस होतं, हे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलं. पण ते ठरवायचं कोणी? गॅरी लेथम यांच्या प्रयोगांत वरून दिलेलं उद्दिष्टही तितकंच चालायचं, मिरियम एरेझ यांच्या प्रयोगांत नाही. शेवटी लॉक यांना मध्ये घेऊन दोघांनी एकत्र प्रयोग केले, ते १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य फरक निघाला सांगण्याच्या पद्धतीत. लेथम कारण सांगत, एरेझ यांच्याकडे नुसता तुटक हुकूम असे.
'सर्व्हिस चुकवू नका' हा हुकूम झाला. पण चुकलेली प्रत्येक सर्व्हिस म्हणजे समोरच्यांना फुकटचा एक गुण; २५ गुणांच्या सेटमध्ये आपल्या ६ सर्व्हिस चुकल्या तर समोरच्यांना १९ गुणच कमवावे लागतात, म्हणून सेटमागे जास्तीत जास्त ३, हे प्रशिक्षकाने सांगितलं तरी गळी उतरतं.

राखीव_१२:
बरोबर, मलाही कोणी कारण सांगितलं असतं तर बाकावर बसायचं इतकं लागलं नसतं. मान हलवण्याचा नियम चिठ्ठीशिवाय कळला नसता, हेही मान्य. पण निळी_जर्सी, तुमची सगळ्यात चांगली खेळाडू उशिरा आली तर?

निळी_जर्सी:
आली ना, गेल्याच महिन्यात. कर्णधारच. पहिला सेट तिला बाहेर बसवलं. तिची आई प्रेक्षकांतून माझ्याकडे बघत होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तो सेट आम्ही हरलो, सामनाही हरलो.

राखीव_१२:
मग नियम मुलींचे असू देत. पण खाली सही तुमची हवी.