अडकलेले ११ लाख काढायचेत, वकील कुठला धरू?

लेथवाला_भोसरी:
भोसरी एमआयडीसीत छोटं सीएनसी युनिट आहे माझं. चाकणच्या एका पार्टीकडे ११ लाख ४० हजार अडकलेत, सगळ्यात जुनं बिल अडीच वर्षांपूर्वीचं. आधी 'सोमवारी नक्की', मग फोन उचलणं बंद, आणि आता म्हणतात पार्ट रिजेक्ट होते, जे इतक्या दिवसांत एका शब्दाने बोलले नव्हते. दोन वकील बघितले. एक ४० हजार आधी आणि वर वसुलीचे १० टक्के म्हणतोय. दुसरे मेव्हण्याच्या ओळखीतले, जामिनाची कामं करतात, म्हणाले टाका माझ्याकडे, बघून घेऊ. कोर्टाची पायरी कधी चढलो नाही, कोणाला धरू?

तारीखग्रस्त:
जामीनवाल्यांना चहा पाजा आणि नमस्कार करा. मी तेच केलेलं, साहेब दिवसभर सेशन्सला आणि आमच्या दाव्यात ज्युनिअर उभा राहून नुसती मुदत मागायचा, मला वाटायचं कोर्टच स्लो आहे. मग भाच्याने मोबाईलवर ई-कोर्ट्स ॲप टाकून दिलं, केसचा १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला तर ७ तारखांपैकी ४ वेळा मुदतीचा अर्ज आमच्याच बाजूने 😡 त्यात वकिलाच्या नावानेपण केसेस निघतात. दोघांची नावं टाकून बघा दिवाणी दावे किती आणि निकालापर्यंत किती गेले ते.

हिशोबाची_वही:
वकील नंतर, आधी कॅलेंडर काढा. माल दिल्यापासून साधारण ३ वर्षांत दावा गेला नाही तर ते बिल मुदतबाह्य, म्हणजे त्यावर दावा चालत नाही. मधे पार्टीने बाकी लेखी कबूल केली असेल तर तिथून नव्याने ३ वर्षं मोजतात, म्हणून मी क्लायंटच्या मागे लागून दर मार्चला बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे बाकीची लेखी कबुली, घ्यायला लावते. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? मालाच्या आधीचं असेल तर एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलचाही (लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद बघणारी सरकारी कौन्सिल) रस्ता आहे, तिथे करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांपुढे आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि त्यांनी तुमच्या बिलांचं जीएसटी क्रेडिट घेतलंय का बघा. रिजेक्ट मालाचं क्रेडिट कोण घेतं हो?

ॲड_दिवाणी:
वसुलीत टक्का मागणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, आणि मागणाऱ्याला ते माहीत असतं. फी टप्प्यांनी ठरवा, नोटीस, दावा, पुरावा, युक्तिवाद, आणि दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) त्यातच की वेगळी हे आत्ताच विचारून घ्या, कारण हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही, खरी दमछाक जप्तीला होते. ३ लाखांच्या वरचा व्यापारी वाद कमर्शियल कोर्टात जातो आणि मनाईसारखा तातडीचा अर्ज नसेल तर दाव्याआधी मीडिएशन, म्हणजे मध्यस्थासमोर तडजोडीचा प्रयत्न, करावंच लागतं, २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलं. मीडिएशनचा काळ त्या ३ वर्षांच्या मुदतीत धरत नाहीत, घाबरू नका. वकिलाला एवढंच विचारा, दाव्याच्या आधी काय काय करावं लागेल? उत्तरात माणूस कळतो. आणि पार्टीशी व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर तो फोन कृपा करून एक्स्चेंजला देऊ नका, पुरावा आहे तो.

लेथवाला_भोसरी:
उद्यम जुनंच आहे, पहिल्या बिलाच्या आधीचं. पर्चेसवाल्याचा मेलपण सापडला, 'बाकी पुढच्या महिन्यात क्लिअर करतो'. टक्केवाल्यांना तो प्रश्न विचारला, म्हणाले मीडिएशन-बिडिएशन काही नसतं, डायरेक्ट ठोकू 😄 तिसरे शोधतोय. एक शंका, चलनांवर गेटवरच्या वॉचमनचीच सही आहे, चालेल का?

ॲड_दिवाणी:
शेजारी शिक्का आहे?

लेथवाला_भोसरी:
आहे, गेट इनवर्डचा, तारखेसकट. दोन चलनांवर पुसट झालाय.

ॲड_दिवाणी:
मग आजच स्कॅन करा, अजून पुसट व्हायच्या आत. वकिलाला झेरॉक्स द्या, ओरिजिनल कोर्टात दाखल होईपर्यंत तुमच्याच कपाटात राहू देत.